शुगर बीट काढलेल्या रानावर वुडपिजन शूटिंग: नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, हे सगळं इंग्लंडबद्दल आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून शिकार बंद आहे त्यामुळे यातलं काहीही सुट्टीला गावी गेल्यावर करायचं नाही. नॉरफोक, सफोक, लिंकनशर, केंब्रिजशर या भागात नोकरीनिमित्त राहणारी बरीच मराठी माणसं आता आहेत, त्यातल्या काहींना शेतकरी शेजारी मिळतात, शेजारी विचारतो येणार का कबुतरं मारायला, आणि मग सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

बीटच का, तर हा भागच शुगर बीटचा, म्हणजे ज्या कंदापासून इथे साखर काढतात त्याचा. ब्रिटिश शुगर कंपनीचे चार कारखाने आहेत, विसिंग्टन, कँटली, बरी सेंट एडमंड्स आणि नेवार्क. कँटलीचा १९१२ चा, सगळ्यात जुना. गाळप हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास सुरू होतो तो फेब्रुवारी-मार्चपर्यंत, म्हणजे जवळपास आपल्या उसाबरोबरच. एका वेळी सहा ओळी उपटणारी मोठी मशीन रानात येतात, पाला छाटून टाकतात, कंद वर काढतात आणि रानाच्या कडेला मोठा ढीग लावतात, त्याला इथे क्लॅम्प म्हणतात. मागे राहतो तो चेचलेला पाला, तुटलेल्या कंदांचे तुकडे, आणि बीटच्या ओळींत वाढलेलं तण. इथला फॅट हेन म्हणजे आपला चाकवत, तो बीटमध्ये मोप वाढतो आणि मशीन फिरलं की त्याचं बारीक काळं बी उघड्या मातीवर सांडतं. थंडीत रानोमाळ खायला कमी असतं तेव्हा वुडपिजन, म्हणजे इथली मोठी रानकबुतरं, यावर उतरतात. त्यात शेतकऱ्याने बीट काढल्या काढल्या गहू पेरला तर वर राहिलेले दाणे त्यांना आयतेच मिळतात.

पण हे फार थोडे दिवस टिकतं, आणि नवीन लोकांचं इथेच चुकतं. आज कबुतरांनी भरलेलं रान परवा नांगरलेलं असतं. म्हणून माझं ठाम मत आहे की या कामात बंदुकीपेक्षा दुर्बीण आधी शिकायची. नेम नंतर सुधारतो, कुठे बसायचं ते कळत नसेल तर चांगला नेमही काही कामाचा नाही.

कागदपत्रं

शॉटगन सर्टिफिकेट लागतं, ते तुमच्या भागाच्या पोलिसांकडून मिळतं, पाच वर्षांसाठी असतं. ब्रिटिश नागरिक असायची गरज नाही. अर्जासोबत डॉक्टरकडून मेडिकल माहिती जाते, ओळखीच्या माणसांची नावं रेफरी म्हणून द्यावी लागतात, पोलीस घरी येऊन बोलतात आणि बंदूक कुठे ठेवणार ते बघतात, म्हणजे भिंतीला बोल्ट मारलेलं स्टीलचं कपाट लागणार. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाशी आधी बोला, भिंतीला भोकं पाडायची आहेत. वेळ लागतो, काही भागांत बरेच महिने, तर हंगाम तोंडावर आल्यावर अर्ज करू नका.

तोपर्यंत क्ले ग्राउंडवर जा. मातीच्या तबकड्या मारायला शिकवणारी ठिकाणं जवळपास प्रत्येक काउंटीत आहेत, तिथे सर्टिफिकेट नसतानाही इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली त्यांच्या बंदुकीने शिकता येतं. बंदूक खांद्याला बरोबर बसते का, दोन्ही डोळे उघडे ठेवून मारता येतं का, हे तिथेच कळतं. स्वतःची बंदूक त्याआधी घेऊ नका, दुकानात छान वाटलेली बंदूक तुमच्या हाताला बसेलच असं नाही. साधी सेकंडहँड १२ बोअर, वर-खाली नळ्यांची, एवढं सुरुवातीला भरपूर झालं.

दुसरा कागद म्हणजे जनरल लायसन्स. वुडपिजनला इथे शिकारीचा हंगाम वगैरे नाही, कायद्याने तो बाकी जंगली पक्ष्यांसारखा संरक्षितच आहे, फक्त पिकाचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी त्याला मारायची मुभा सरकार या लायसन्सने देतं. इंग्लंडात त्याचा नंबर जीएल ४२. वेल्स आणि स्कॉटलंडचं वेगळं असतं. अर्ज करावा लागत नाही, पण वाचणं आणि त्यातल्या अटी पाळणं तुमची जबाबदारी, आणि ते वेळोवेळी नव्याने निघतं तेव्हा मागच्या वर्षी वाचलं होतं हे चालत नाही. एप्रिल २०१९ मध्ये वाइल्ड जस्टिस या संस्थेने कोर्टाचं आव्हान दिल्यावर नॅचरल इंग्लंड या सरकारी संस्थेने जुनी लायसन्स अचानक रद्द केली होती आणि ऐन पेरणीत शेतकरी अडकले होते, तेव्हापासून लोक हा कागद गंभीरपणे घेतात, आणि घ्यायलाच पाहिजे.

बीटच्या रानासाठी याचा अर्थ नीट समजून घ्या. काढलेल्या रानात वाचवायचं असं पीक उरलेलंच नसतं. मग तुम्ही तिथे का बसलात? तर शेजारच्या रानात रेपसीड (मोहरीसारखं तेलबियांचं पीक) किंवा नुकताच पेरलेला गहू आहे, तीच कबुतरं तिथे जाऊन पानं ओरबाडतात, आणि बीटच्या रानावर ती मारायला सोपी पडतात, हे उत्तर तुमच्याकडे खरोखर असलं पाहिजे. शेतकऱ्याने नुसता आवाज करून पक्षी उडवणारी गॅसगन, पतंग, बुजगावणी असले उपाय करून बघितलेत का तेही विचारा आणि लिहून ठेवा. नुसती मजा म्हणून मारणं लायसन्समध्ये बसत नाही. मला ही अट बरोबर वाटते, पक्षी मारायचा तर त्याला कारण पाहिजे.

विमा पण घ्या. बीएएससी ही इथल्या शूटिंग करणाऱ्यांची १९०८ पासूनची संस्था आहे, त्यांच्या मेंबरशिपमध्ये विमा येतो आणि कायद्याचा काही प्रश्न असला तर फोनवर विचारताही येतं.

शेतकऱ्याशी बोलणं

परवानगी लेखी घ्या. परवानगीशिवाय बंदूक घेऊन दुसऱ्याच्या रानात शिरणं हा इथे फौजदारी गुन्हा आहे. नकाशावर हद्द मागून घ्या, पायवाटा कुठून जातात, गुरं-घोडे कुठे आहेत, कुठल्या घरात आवाजाची तक्रार होते, हे सगळं पहिल्याच भेटीत विचारायचं. आणि मग बीटचे खास प्रश्न: मशीन कधी येणार, क्लॅम्पवरचा माल कधी उचलणार, नंतर गहू पेरणार का वसंतापर्यंत रान पडून राहणार. बीट काढणारी टोळी बहुतेक ठिकाणी कॉन्ट्रॅक्टरची असते, तिची तारीख पावसावर आणि कारखान्याच्या वेळापत्रकावर हलते, म्हणून शेतकऱ्याला दर दोन-तीन दिवसांनी एक छोटा मेसेज टाकत राहा, त्याचा त्रास वाटत नाही उलट तुम्ही लक्ष ठेवून आहात हे त्याला आवडतं.

क्लॅम्पजवळ बसायचं नाही. लोडर आणि लॉऱ्या कधीही येतात, अंधारातसुद्धा, आणि ड्रायव्हरला तुम्ही जाळीआड लपलेले दिसणार नाही.

रान वाचणं

इथे घाई करू नका. गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित लावा आणि निदान तासभर दुर्बिणीतून नुसतं बघा. रानात किती बसलीत यापेक्षा ती येतात कुठून हे महत्त्वाचं. वुडपिजन मोकळ्या आभाळात कसेही उडत नाहीत, त्यांच्या ठरलेल्या वाटा असतात, झाडीचं टोक, कुंपणाची रांग, विजेच्या खांबांची लाइन, ओढा, असं काहीतरी धरून ती येतात. बाकी सगळी एका वाटेने येत असताना दोन-चार वेगळ्या दिशेने आली तर त्यावर जाऊ नका, मुख्य वाट कुठली ते ठरवा. मग ती बसतात कुठे ते बघा, मोठ्या रानातसुद्धा बसायची एक जागा ठरलेली असते, जिथे तण जास्त होतं किंवा कोपऱ्यात मशीन वळताना दाणा-बी जास्त सांडलं असतं. काही आधी जवळच्या निष्पर्ण ओक किंवा अ‍ॅशवर थांबतात आणि खात्री करून खाली येतात, ते झाडही लक्षात ठेवा.

कुठला पक्षी आहे ते ओळखता आलंच पाहिजे, यात सूट नाही. वुडपिजन मोठा, ४० सेंटीमीटरच्या आसपास, मानेवर पांढरा ठिपका आणि उडताना पंखावर ठळक पांढरा पट्टा. कोवळ्या पिल्लाला मानेचा ठिपका नसतो पण पंखाचा पट्टा असतो. त्याच थव्यात स्टॉक डव्ह असतो, थोडा लहान, निळसर करडा, पांढरं कुठेच नाही, डोळा काळा. तो संरक्षित आहे, मारायचा नाही. कॉलर्ड डव्हलाही हात लावायचा नाही. पायात रिंग असलेलं, सरळ रेषेत वेगाने जाणारं कबुतर कुणाचं तरी पाळलेलं रेसिंग पिजन असू शकतं. पांढरा पट्टा दिसला नाही तर ट्रिगर नाही, हा नियम करून टाका.

नॉरफोकात अजून एक गोष्ट. आइसलंड आणि ग्रीनलंडहून येणारे पिंकफूट हंस थंडीत नेमके याच काढलेल्या बीटवर जगतात, हजारोंच्या थव्याने. हंस रानात असतील तर त्या दिवशी ते रान सोडून द्या. ते तिथे पाला खात असतात तोवर शेजारच्या गव्हावर जात नाहीत, त्यांना उठवलं तर नुकसान त्याच शेतकऱ्याचं, आणि इतक्या लांबून आलेल्या पाखरांना निवांत खाऊ देणं मला तरी योग्य वाटतं.

सामान

यादी फार मोठी नाही. लपायच्या आडोशासाठी, ज्याला हाइड म्हणतात, चार-पाच टेलिस्कोपिक काठ्या आणि दोन जाळ्या, बसायला बादली किंवा स्टूल, डझन-दीड डझन डिकॉय म्हणजे खोटी कबुतरं, कानाला प्रोटेक्शन, गरम पाणी नाहीतर चहा, आणि कबुतरं न्यायला हवा खेळणारी पोती. जाळी घेताना हिरवीगार घेऊ नका, डिसेंबरात कुंपणाला पानं नसतात, सुकलेल्या गवताच्या आणि मातीच्या रंगाची पाहिजे. दुसरी जाळी पाठीमागे लावायला, कारण बिनपानाच्या कुंपणातून मागचा उजेड येतो आणि तुमची हालचाल सावलीसारखी दिसते. तोंड आणि हात झाका, वरून येणाऱ्या कबुतराला सगळ्यात आधी चेहरा दिसतो.

डिकॉय मखमली कोटिंगचे घ्या, साधं प्लास्टिक ओलं झालं की चमकतं आणि कबुतरं लगेच वळतात. दव गोठलं तर पाठीवर पांढरा थर येतो, तो अधूनमधून पुसायचा.

काडतुसं: शिशाची असतील तर २८ ते ३२ ग्रॅम, ६ नंबर. पण सरकारने २०२५ मध्ये शिशाच्या छर्‍यांवर बंदी आणायचं जाहीर केलंय, बदलायला काही वर्षांची मुदत असेल, तर नवीन शिकणाऱ्याने सरळ स्टीलवरच सुरुवात करावी असं मी सांगेन. स्टील हलकं असतं म्हणून छर्रा दोन नंबर मोठा, म्हणजे ६ च्या जागी ४ (नंबर लहान तितका छर्रा मोठा). बंदूक स्टीलला चालते का ते गनस्मिथकडून तपासून घ्या. आणि वॅड, म्हणजे काडतुसातला छर्ऱ्यांमागचा बुच, प्लास्टिकचा नको, रानात पडून राहतो.

हाइड कुठे आणि डिकॉय कसे

कबुतर वाऱ्याला तोंड करून उतरतं, बाकी सगळं यावरून ठरतं. वारा तुमच्या पाठीकडून, थोडा तिरका येत असेल तर उत्तम, मग पक्षी समोरून तुमच्याकडे येतो. पूर्व इंग्लंडात वारा जवळपास नेहमीच असतो, अगदीच नसेल तर त्या दिवशी फार अपेक्षा ठेवू नका. दुसरं म्हणजे सूर्य. डिसेंबर-जानेवारीत तो दिवसभर दक्षिणेला अगदी खाली असतो, तोंडावर आला तर पट्टा दिसत नाही, म्हणून जमल्यास रानाच्या दक्षिण कडेला बसा. वाट, वारा आणि सूर्य तिन्ही एकदम जुळत नाहीत बऱ्याचदा, तेव्हा मी वाटेला पहिला मान देतो.

डिकॉय घोड्याच्या नालासारखे मांडतात, उघडं तोंड वारा जातो त्या बाजूला, म्हणजे वारा पाठीमागून असेल तर तुमच्यापासून लांबच्या टोकाला. मधली मोकळी जागा तुमच्यापासून २० ते २५ पावलांवर यायला हवी, कारण कबुतर तिथेच उतरायला बघतं. दोन डिकॉयमध्ये दीड-दोन मीटर अंतर ठेवा, दाटीवाटीने बसलेली कबुतरं घाबरलेली असतात. चोची साधारण वाऱ्याकडे, पण सगळ्या एकाच कोनात नको. एक डिकॉय मुद्दाम ३५ पावलांवर ठेवा, त्याच्या पलीकडचा पक्षी मारायचा नाही. काढलेल्या बीटचं रान उघडं तपकिरी असतं, त्यावर करडं-पांढरं लांबून उठून दिसतं, म्हणून इथे कमी डिकॉयवर भागतं.

बॅटरीवर फिरणारा मॅग्नेट, ज्याच्या दोन हातांवर मेलेली कबुतरं लावतात, तो सगळेच विकत घेतात. शरद ऋतूत तो छान चालतो. थंडीत, तेही बरेच लोक शूट करून गेलेल्या भागात, कबुतरं त्याला बिचकतात. दोन-तीन थवे येता येता बाहेर वळले तर बंद करा आणि उचलून हाइडमागे ठेवा. मग जशी जशी पडतील तशी मेलेली कबुतरं डिकॉयमध्ये मांडत जा, खऱ्या पिसाला तोड नाही. पाठीवर पडलेलं पांढरं पोट दिसू देऊ नका, आणि सांडलेली पिसं जमतील तेवढी उचला.

वेळेचं सांगायचं तर डिसेंबरात नॉरफोकात आठच्या सुमारास उजाडतं आणि पावणेचारच्या आत-बाहेर सूर्य बुडतो. नऊपर्यंत तयार होऊन बसा, दहा ते दोन मुख्य वेळ, नंतर ती पोट भरून झाडीत मुक्कामाला निघतात. अर्धा-पाऊण तास काहीच आलं नाही आणि लांबवर थवे दुसऱ्याच ओळीने जाताना दिसले तर उठा आणि हाइड तिकडे हलवा, लोक थंडीत आळस करतात आणि दिवस घालवतात.

प्रत्यक्ष मारताना

हाइडमध्ये दोघं असाल तर एका वेळी एकाच्याच हातात भरलेली बंदूक. मागे आणि बाजूला कुठपर्यंत नळी फिरवायची ते आधी ठरवून काठी रोवून ठेवा. छर्रे दोनशे-अडीचशे मीटरपर्यंत जाऊन पडू शकतात, रान मोकळं वाटलं तरी पलीकडे पायवाट असेल, माणूस दिसला की बंदूक उघडून खाली. नळीसमोर आभाळ असल्याशिवाय मारू नका, खाली उडणाऱ्या पक्ष्यामागे कुंपण असतं आणि कुंपणामागे काय आहे ते दिसत नाही. रस्त्याच्या मध्यापासून ५० फुटांच्या आत मारून कुणाला अडथळा किंवा धोका झाला तर तो गुन्हा आहे, मी म्हणेन रस्त्यापासून त्याहून बरंच लांब बसा. निघण्याआधी १०१ वर फोन करून पोलिसांना जागा कळवून ठेवली तर आवाज ऐकून कुणी तक्रार केली तरी गोंधळ होत नाही.

पक्षी येताना दिसला की लगेच उठू नका. येऊ द्या. पंख मागे घेऊन तो उतरायला लागला की एकाच हालचालीत उठून मारा. आडवा जाणारा असेल तर नळी त्याच्या मागून आणून पुढे न्या आणि मारल्यावरही फिरवत राहा, थांबवली की छर्रे मागे जातात. थव्यावर मारायचं नाही, एक पक्षी निवडा. पडला आणि हलतोय असं दिसलं तर बाकी सगळं सोडून आधी तो गाठून लगेच संपवा, डोक्यावर जोरात एक फटका पुरेसा असतो, हे करायची तयारी नसेल तर ही गोष्ट सुरूच करू नका. लांब झाडीत पडलेला शोधायला लॅब्रेडोर असलेला सोबती मिळाला तर फार बरं.

बीटच्या रानातली माती पावसाने अशी चिकटते की बूट दुप्पट जड होतात, सामान दोन फेऱ्यांत न्या आणि गाडी रानात अजिबात घालू नका. दुसऱ्या शेतावर जाण्याआधी बूट धुवा. रायझोमेनिया हा बीटचा रोग मातीतून पसरतो, आणि तुमच्या बुटाला लागलेली माती शेतकऱ्याला नको असते.

नंतर

सगळी रिकामी काडतुसं मोजून उचला. शेतकऱ्याला त्याच संध्याकाळी सांगा किती कबुतरं मिळाली आणि त्यांच्या पोटात काय होतं. हे दुसरं बरेच जण करत नाहीत, पण मला ते फार उपयोगाचं वाटतं: गळ्याखाली अन्नाची पिशवी असते ती चिरून बघा, हिरवी पानं निघाली तर ती रेपसीडवर जाताहेत, गव्हाचे दाणे निघाले तर नव्या पेरणीवर, काळं बारीक बी निघालं तर अजून बीटच्या रानातच समाधानी आहेत. उद्या कुठे बसायचं ते यावरून कळतं, आणि नुकसान होतंय याचा पुरावाही हातात राहतो, एक फोटो काढून ठेवा.

कबुतरं प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, गरम राहून मांस खराब होतं. सावलीत पसरून गार करा. जास्त असतील तर गेम डीलर, म्हणजे शिकारीचं मांस विकत घेणारा, घेतो, भाव फार नाही पण वाया जात नाहीत. घरी करायचं असेल तर छातीचे दोन तुकडे काढा, छर्रा राहिलाय का बोटाने चाचपडून बघा. मांस गडद लाल आणि बिनचरबीचं असतं, जास्त शिजवलं की चामड्यासारखं होतं, म्हणून आलं-लसूण, हळद, थोडं दही आणि मीठ लावून दोन तास ठेवा आणि कडक तापलेल्या तव्यावर प्रत्येक बाजूने दोन-तीन मिनिटं, बस. पाय आणि सांगाडा कुकरला लावून त्याचा काळा मसाला घातलेला रस्सा करा, भाकरीबरोबर. शिशाने मारलेलं असेल तर लहान मुलांना आणि गरोदर बाईला वाढू नका, इथलं फूड स्टँडर्ड्स खातंही अशांनी ते कमी खावं असंच सांगतं.